बिनअपघाती आकाराम

आकाराम पडला त्या दिवशी धवलगिरी बर्फ कारखान्याच्या फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : 'अपघाताविना दिवस – ३१८'.

साल एकोणऐंशी. जानेवारीची सोळा तारीख, मंगळवार, सकाळचे नऊ. शिरोली एमआयडीसीत आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. तिथली माणसं बारा महिने भाजून निघायची आणि त्यांच्या मधोमध ह्या एका कारखान्यातली माणसं बारा महिने गारठायची. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पाण्यानं भरलेले लोखंडी डबे सोडायचे, गोठले की वर काढून उलटे करायचे आणि बाहेर आलेली सव्वाशे किलोची लादी आकडा लावून टेम्पोच्या धक्क्यापर्यंत ओढत न्यायची. लादी नीट घसरावी म्हणून फरशी गुळगुळीत ठेवलेली. जिथं लादी घसरते तिथं माणूसही घसरतो, एवढं शास्त्र मॅनेजर देशिंगकर साहेबांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते माणसं घसरत होती ती लक्ष नसल्यामुळं.

आकाराम ह्या फरशीवर बारा वर्षं वावरलेला. शिरोली गावचाच, चौतिशीचा, सातवी पास. अक्षर मोत्यासारखं, म्हणून खिशाला सदा पेन. बर्फ ओढणाऱ्या माणसाला पेन कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "आसावं. कवा सायबाला लागलं तर?" साहेबानं नावानं हाक मारली तरी त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. त्या सकाळी तो लादी ओढत होता आणि मागं वळून गुंडू नावाच्या सोबत्याला शिकवत होता, "टाच टेकायची न्हाय गुंड्या. बर्फावर चालायचं म्हंजे बोटांवर जोर. मी बग, बारा वर्सांत एकदा तरी..."

पुढचं वाक्य त्यानं आडवा होऊन पुरं केलं. दोन्ही पाय वर गेले, बूड आपटलं, आणि मागची लादी, ती काय कुणाच्या बापाची वाट बघत थांबते, तशीच सरसरत आली आणि डाव्या नडगीवर चढली.

सगळे हसले. कारखान्यात रोज कोणी ना कोणी पडायचंच आणि पडणाऱ्याला हसायचं ही तिथली रीतच होती. चहाच्या सुट्टीआधी कोणी पडलं नाही तर माणसांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण आकारामाचं पाऊल भलतीकडंच वळलेलं गुंडूला दिसलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

ओरडा ऐकून देशिंगकर साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पाय बघितला. मग मान वळवून फळा बघितला. दोन्ही मोडल्यासारखे दिसत होते.

"पडलायस का घसरलायस?" त्यांनी विचारलं.

"मरतोय साहेब," आकाराम म्हणाला.

त्याला टेम्पोत घातलं. टेम्पोत आधीच आठ लाद्या भरलेल्या, त्यावर भुसा आणि गोणपाट. त्या गोणपाटावरच आकारामाला निजवलं. टेम्पो कोल्हापुरात शिरला तो दवाखान्याच्या रस्त्याला न लागता आधी सोडावॉटरच्या कारखान्यापुढं थांबला, मग एका लग्नाच्या मांडवापुढं. आकाराम कळवळून म्हणाला, "आरं, आधी मला तरी उतरीव की!"

ड्रायव्हर लाद्या उतरवत म्हणाला, "माणूस वितळत न्हाय, आकारामदा. बर्फ वितळतो."

मांडवातली वऱ्हाडी मंडळी बर्फाबरोबर आलेल्या ह्या पाहुण्याकडं कौतुकानं बघत होती. एकानं विचारलंसुद्धा, "पावणं कुणाकडचं म्हणायचं?"

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नडगीची दोन्ही हाडं मोडल्याचं सांगितलं, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि कागदावर लिहून दिलं : दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही, पाय खाली सोडायचा नाही. तोंडानं वर सांगितलं, "हलवलास तर हाड वाकडं बसेल. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशिंगकर साहेब स्वतः आकारामाच्या दारात. हातात बिस्किटांचा पुडा आणि सहा संत्री. आकारामाची बायको बाळंतपणाला माहेरी जयसिंगपूरला गेलेली, घरात फक्त आई, विठाबाई. साठीची बाई, अंगानं काटकुळी, पण गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. तिनं साहेबांना घोंगडं टाकलं, चहा ठेवला. बाहेर गल्लीतली पोरंसोरं आणि चार मोठी माणसंही डोकावत होती. आपल्या घरात साहेब घोंगड्यावर बसून बशीतनं चहा पितोय, हे बघूनच आकारामाचा पाय निम्मा बरा झाला.

"आकाराम," साहेब म्हणाले, "कायदा तुला माहीत नसेल. कामावर इजा झालेला माणूस अठ्ठेचाळीस तासांच्या आत परत कामावर आला, तर त्याला नुसतं लागलेलं असतं. नाही आला, तर तो अपघात. सरकारला कळवावा लागतो."

"मग मला काय झालंय साहेब?"

"ते अजून ठरलेलं नाही. उद्या सकाळी नऊपर्यंत तुझ्या हातात आहे."

मग साहेबांनी उलगडून सांगितलं. वसाहतीतल्या कारखानदारांच्या मंडळानं यंदा सुरक्षा ढाल ठेवली होती. वर्षभर एकही अपघात न होणाऱ्या कारखान्याला, मुंबईच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते. चार मार्चला फळ्यावर बरोब्बर तीनशे पासष्ट होणार होते. मालक गणपतरावांनी ढाल लावायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

"तू फक्त यायचंस. काम करायचं नाही. खुर्चीवर बसायचं, पाय स्टुलावर. दारात रिक्षा येईल, रिक्षानंच घरी सोडू. पगार पुरा."

विठाबाई चुलीपासून म्हणाली, "आवं सायब, ह्येला परसाकडं न्यायला दोन माणसं लागत्यात. डाक्टरनं हलवू नगं म्हनून लिवून दिलंय."

"आजी, डॉक्टर म्हणाले पाय हलवू नका. आपण पाय कुठं हलवतोय? रिक्षा हलेल."

आकाराम हसला. साहेबांनी विनोद केला आणि तो आपल्यासाठी केला, ह्याचंच त्याला केवढं वाटलं. तो म्हणाला, "येतो साहेब. कारखान्याचा प्रश्न हाय."

विठाबाईनं संत्री उचलली आणि उतरंडीवर ठेवली. मडकं जरा जोरातच आदळलं.

गुरुवारी सकाळी रिक्षा आली. शिरोलीच्या त्या गल्लीत रिक्षा यायची ती बाळंतिणीला न्यायला नाहीतर मयताच्या पाहुण्यांना आणायला. आकाराम पाय दारातून बाहेर काढून मागच्या सीटवर आडवा बसला, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आईऐवजी साहेबांचं नाव घेत कारखान्यात पोचला. फाटकापाशीच खुर्ची मांडलेली, समोर स्टूल, बाजूला फळा. साहेबांनी हातात खडू दिला.

"तुझं अक्षर चांगलं आहे. रोज सकाळचा आकडा आता तू लिहायचास."

आकारामानं मांडीपर्यंतचं प्लास्टर स्टुलावर ठेवून, अंग पिळून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : 'अपघाताविना दिवस – ३२०'. खाली एक रेघ ओढली. वर मान करून बघितलं तर धक्क्यावरचे चारपाच जण त्याच्याकडं बघत होते. गुंडूनं हात जोडून नमस्कार केला. तो चेष्टेनं केला होता की खरा, हे आकारामाला त्या वेळी कळलं नाही.

आठ दिवसांत त्याला त्या खुर्चीची गोडी लागली. ऑफिसचा चहा कपातनं यायचा, कामगारांसारखा गिलासातनं नाही. येणारा-जाणारा विचारपूस करायचा. साहेब एकदा सहज म्हणाले, "तू आता आमचा सुरक्षा मुकादम," आणि आकारामानं ते घट्ट धरलं. तो बसल्या जागेवरून ओरडायचा, "ए, बगून! पाय उचलून! लक्ष कुठं हाय तुजं?" ज्या फरशीनं त्याची नडगी मोडली, तिच्यावर भुसा टाका, लाकडी फळ्या टाका, असं तो एकदाही म्हणाला नाही. मुकादमानं माणसांना बोलायचं असतं, फरशीला नाही.

एकदा सरकारी तपासनीस येऊन गेला. त्या दिवशी साहेबांच्या कपाटातले गमबुटांचे चार जोड बाहेर निघाले. चारही जोड दहा नंबरी. ज्यांचे पाय सातचे त्यांनी आत चिंध्या कोंबल्या आणि तासभर बदकासारखे चालले. तपासनिसानं खुर्चीतल्या आकारामाकडं बोट केलं. आकारामानंच पुढं होऊन सांगितलं, "घरात माळ्यावरनं पडलो साहेब." देशिंगकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला संध्याकाळपर्यंत जाणवत राहिला.

पायाचं मात्र वेगळंच चाललं होतं. बर्फाचा गारठा प्लास्टरमधून आत उतरायचा आणि रात्रभर नडगी ठणकायची. "आये, जरा पाय चेप," म्हटलं की विठाबाई म्हणायची, "प्लास्टर चेपू व्हय? सायबाला सांग चेपाय."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुंडू पडला. टाच टेकून नव्हे, आकारामानं शिकवलं होतं तसं बोटांवर जोर देऊनच चालला होता. उजवं कोपर फुटलं. गुंडू गारगोटीकडचा, शिरोलीत भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, आणि जरा फटकळ. साहेबांनी रिक्षा पाठवली तर रिकामीच परत आली. मग साहेब आकारामाला म्हणाले, "तुझं ऐकेल तो. तूच जा."

आकाराम रिक्षातूनच गुंडूच्या दाराशी गेला. खाली उतरायची सोय नव्हतीच.

"गुंड्या, चल. नुसतं बसायचं हाय. मी न्हाय का बसलो?"

"माजं हाड हाय का डालडाचा डबा? मी घरात पडून ऱ्हानार."

"आरं, ढाल मिळणार हाय कारखान्याला."

"ढाल मिळाली तर माज्या कोपराला बांधनार हाईस व्हय?"

तरीही आकारामानं त्याला आणलाच. तासभर समजावून, कारखान्याची अब्रू, आपली बारा वर्षांची नोकरी, शेवटी आपल्या मोडक्या पायाची शपथ घालून. फळ्याजवळ दुसरी खुर्ची आली. वीस फेब्रुवारीला डब्यांत पाणी भरायच्या खात्यातला एक म्हातारा माकडहाडावर आपटला, त्याला खुर्चीत बसताच येईना, तेव्हा साहेबांनी बाकडं आणलं. म्हातारा त्यावर पालथा पडून राहायचा. सकाळी तिघांची हजेरी लागायची आणि आकाराम उठून, म्हणजे अर्धा उठून, पुढचा आकडा लिहायचा.

अठ्ठावीस तारखेला प्लास्टर काढलं. डॉक्टरांनी पाय जमिनीला टेकवायला लावला, मागं सरकून बघितलं आणि विचारलं, "अंथरुणात किती दिवस होतास?"

"एक दिवस," आकाराम म्हणाला.

डॉक्टरांनी हात धुतले. पाय इंचभर आखूड झाला होता आणि बाहेरच्या अंगाला वाकला होता. आता तो तसाच राहणार होता.

आकाराम तिथून लंगडत, रिक्षा न घेता, एस.टी.नं कारखान्यात आला आणि थेट केबिनमध्ये गेला. "साहेब, पाय वाकडा बसलाय. आता लादी ओढवायची न्हाय. काय भरपाईचं..."

देशिंगकरांनी हजेरीचा कागद पुढं केला; सतरा तारखेलासुद्धा हजेरी मांडलेली होती. "कसली भरपाई? सोळा जानेवारीनंतर तू एक दिवससुद्धा गैरहजर नाहीस. अपघात झालेला माणूस इतका नियमित असतो का?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "चार दिवस थांब. ढालीच्या समारंभात बिनअपघाती सेवेचा सत्कार आहे. मी तुझंच नाव दिलंय. मुंबईच्या साहेबांच्या हस्ते शाल-नारळ. आईलाही घेऊन ये."

केबिनबाहेर येईपर्यंत आकारामाला राग आला होता. फाटकापर्यंत जाईपर्यंत तो मुंबईच्या साहेबांसमोर काय बोलावं ह्याचा विचार करत होता.

चार मार्चचा रविवार. धक्क्यापुढं मांडव घातला होता. कमानीवर 'सुरक्षा हाच धर्म' असं बर्फात कोरून बसवलेलं, आणि ऊन वाढेल तसं ते पाघळत चाललेलं. दहाला 'सुरक्षा' गेली, अकराला नुसतं 'धर्म' उरलं. कामगारांची घरची मंडळी मागं सतरंजीवर. विठाबाई इरकली लुगडं नेसून पहिल्याच रांगेत, कारण तिला मागं बसा म्हणायला कोणी धजलं नाही. गुंडू आणि म्हाताऱ्याला त्या दिवशी मुद्दाम सुट्टी दिली होती.

मुंबईचे साहेब जाडजूड, गोड बोलणारे. ढाल गणपतरावांना दिली. टाळ्या. मग नाव पुकारलं, "बारा वर्षं बिनअपघाती सेवा करणारे श्री. आकाराम..." आकारामानं घरी आरशासमोर चालून बघितलं होतं, आखूड पायाच्या टाचेखाली चपलेत पुठ्ठा घातला होता. पण मंचाला तीन पायऱ्या होत्या, आणि तिसऱ्या पायरीवर पुठ्ठा सरकला.

"अरे अरे," मुंबईचे साहेब माइकपाशीच म्हणाले, "पायाला काय झालं यांच्या?"

देशिंगकर क्षणभरही अडखळले नाहीत. "जन्मजात आहे, सर. तरीसुद्धा आम्ही कामावर ठेवलंय. माणुसकी म्हणून."

"वा!" साहेब म्हणाले, आणि मांडवभर टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांतच पहिल्या रांगेत इरकली लुगडं उभं राहिलं.

"कोन म्हनलं जल्माचा?" विठाबाईला माइकची गरज नव्हती. "मी घातलाय त्येला जल्माला. दोन्ही पाय सरळ हुतं. सुईनीनं धरून उलटा टांगला तवा दोन्ही तंगड्या बराबर हुत्या, मी बगितलंय! तुमच्या ह्या बर्फावर पडला त्यो, आन् मोडक्या पायानं रिक्षात घालून हितं आनून बसीवला तुमी!"

कमानीवरच्या 'धर्म'चं पाणी टपटप पडत होतं तेवढाच आवाज. मुंबईच्या साहेबांनी देशिंगकरांकडं बघितलं, मग आकारामाकडं. त्यांनी माइक आकारामापुढं धरला.

"आई म्हणतात ते खरं आहे का? तुम्हीच सांगा."

आकारामासमोर एका बाजूला आई होती, एका बाजूला साहेब. मध्ये माइक, हातावर शाल. फोटोवाला गुडघ्यावर बसून नेम धरत होता. देशिंगकर साहेबांनी त्याच्याकडं बघून हलकेच मान हलवली, घरात घोंगड्यावर बसले होते तेव्हाच्याच आपलेपणानं.

"आईचं वय झालंय," आकाराम म्हणाला. "जन्माचाच हाय साहेब पाय."

फोटोवाल्यानं बटण दाबलं. मुंबईचे साहेब म्हणाले, "आईची माया वेडी असते," आणि पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जास्तच. विठाबाईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि कुणाकडं न बघता मांडवातून बाहेर पडली. शिरोली गावापर्यंत ती उन्हात चालत गेली.

त्या दिवसापासून ती मुलाशी बोलेनाशी झाली. भाकरी थापायची, ताट सरकवायची, आणि जे सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सांगायची. "काय गं, तुजी शिंगं तरी जल्माचीच हायत न्हवं? इचारून बग सायबाला, त्येंच्या कागदावर काय लिवलंय." आकाराम पलीकडं जेवत असायचा. भाकरीचा तोच तुकडा कालवणात बुडवत बसायचा, पण उठून जायची हिंमत नसायची.

उन्हाळा लागला. बर्फाची मागणी वाढली, लाद्या रात्रंदिवस निघू लागल्या. ढाल मिळून गेली होती, त्यामुळं खुर्च्या आणि बाकडं हलवलं, आणि आकारामाला सांगण्यात आलं की लादी ओढायचा आकडा धर. त्यानं दोन दिवस ओढायचा प्रयत्न केला. आखूड पायावर जोर येत नव्हता; दोनदा पडता पडता वाचला. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"वाच," देशिंगकर म्हणाले.

आकारामानं वाचलं. नोकरीला लागताना पायातलं जन्मजात व्यंग व्यवस्थापनापासून दडवून ठेवल्याबद्दल त्याला कामावरून कमी करण्यात येत होतं.

"साहेब," कागद परत सरकवत तो म्हणाला, "जन्माचा न्हाय, तुमास्नी ठावं हाय."

"मला काय ठाऊक आहे ते सोड. तू सांगितलंस. दोनशे माणसांपुढं, माइकवर. वर्तमानपत्रात फोटोसकट आलंय. आईनं सांगूनसुद्धा तू आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलास, त्याचं तर मला कौतुक वाटलं होतं." साहेबांनी त्याच्या खिशाकडं हात केला. "पेन आहे ना तुझ्याकडं? सही कर."

बारा वर्षं खिशाला लावलेलं पेन साहेबाला लागलं ते असं. पण आकारामानं सही केली नाही. म्हणजे त्यानं काही बाणेदारपणे नकार दिला नाही. टोपण काढताना पेनच हातातनं खाली पडलं, आणि ते उचलायला तो वाकला तो तसाच बाहेर निघून आला.

घरी आल्यावर तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. विठाबाई धार काढत होती.

"आये, कामावरनं काढलं."

चरवीत दुधाची धार वाजत राहिली.

"लेबर हापिसात जायाला पायजे. माजा पाय पयल्यापासनं असा न्हवता, म्हनून कुनीतरी सांगाय पायजे. तू चल."

विठाबाईनं महिन्यानं पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड केलं. "मग आता कोनचा पाय सांगू? जल्माचा का पडल्याला?"

आकारामानं म्हशीपुढची वैरण सारखी केली.

"माजं वय झालंय, न्हवं? येड्या बाईची साक्ष कोन घेनार? आदी तू बोल. मांडवात बोललास तसं, चारचौघांत बोल. मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या डेअरीवर दूध घालायला रांग लागली होती. वीसपंचवीस माणसं, किटल्या, गडबड. आकाराम लंगडत रांगेच्या पुढं गेला. एकदा खाकरला. विठाबाई चरवी घेऊन रांगेतच उभी होती.

"ऐका," तो म्हणाला. मग एकदम ओरडला, "मी पडलो! बर्फावर पडलो! माळ्यावरनं न्हाय, जन्माचा न्हाय. कारखान्यात पडलो, आन् सायबासाठी खोटं बोललो!"

दुधाचं माप घेणारा केरबा माप खाली ठेवून म्हणाला, "आरं मर्दा, आमाला ठावं हाय की. रोज रिक्षानं कोन जल्मजात जातोय व्हय कामाला?"

सगळी रांग हसली. आकारामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि थोड्या वेळानं तोही हसला.

कोल्हापुरातल्या कामगार खात्याच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला देशिंगकर आले, हजेरीचं दप्तर काखेत मारून. अधिकाऱ्यांपुढं ते उघडून ठेवत म्हणाले, "एकही खाडा नाही, बघा. अपघात झाला असता तर?"

अधिकारी वाळकासा, चष्मेवाला माणूस. त्यानं दप्तर बघितलं. मग विठाबाईनं पदराखालून काढलेला हाडाचा फोटो उजेडाला धरला आणि डॉक्टरचा कागद वाचला : सोळा जानेवारी, नडगीची दोन्ही हाडं ताजी मोडलेली, दीड महिना अंथरूण सोडू नये.

"म्हणजे पाय मोडल्यापासून हा रोज कामावर होता?"

"रोज!" देशिंगकर अभिमानानं म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"काय काम करत होता?"

देशिंगकरांनी दप्तरात बघितलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

"फळ्यावर आकडा लिवत हुता," विठाबाईनं सांगितलं. "कुनी पडलं न्हाय म्हनून."

अधिकारी आधी हसला. चष्मा काढून पुसला. मग त्याचं हसणं थांबलं आणि त्यानं आकारामाला विचारलं, "आणि तुम्ही लिहिलंत?"

"लिवलं साहेब," आकाराम म्हणाला. "अक्षर चांगलं हाय म्हनून."

निकालाला अकरा महिने लागले. आकारामाला भरपाई मिळाली आणि फाटकावर बसून करायचं काम मिळालं. पाय मिळाला नाही. तशी तरतूद कायद्यात नव्हती. ढाल परत घ्यायची तरतूद मंडळाच्या नियमांत नव्हती, त्यामुळं ती गणपतरावांच्या भिंतीवरच राहिली. देशिंगकरांची रवानगी मालकांच्या दुसऱ्या धंद्यावर झाली, आणि नव्या मॅनेजरनं आल्या आल्या फरशीवर लाकडी फळ्या टाकल्या. त्यावरूनही माणसं पडायची, पण कमी.

निकाल लागल्याचं कळलं त्याच संध्याकाळी गुंडू विठाबाईच्या दारात आला. उजवा हात कोपरात अडकल्यासारखा, सरळ होईना. मागं तो माकडहाडवाला म्हातारा, उभ्यानंच. आकाराम गुंडूकडं बघायचं टाळत होता.

"म्हातारे, आमच्यासाटनं बी चल की हापिसात," गुंडू म्हणाला. "तुजं ऐकत्यात ती लोकं."

"मी कशाला?" विठाबाई म्हणाली. "तुजी आई हाय न्हवं गारगोटीला? तिला आन. मी काय उभ्या कारखान्याला जल्म दिला न्हाय." मग आकारामाकडं मान वळवून म्हणाली, "आन् ह्येला ने संगं. तुला रिक्षात घालून न्हेनारा ह्योच की. त्यानंच सांगू दे सायबाला, कसा न्हेला ते."

आकाराम "व्हय" म्हणाला. गुंडूनं एक शिवी हासडली, इथं लिहिण्यासारखी नाही अशी. आकारामानं ती मान खाली घालून ऐकून घेतली.

गुंडूची आई सोमवारी पहिल्या गाडीनं आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि तोंडात सगळ्या वाटेवर पाठ करत आणलेलं बोलणं. दोघी म्हाताऱ्या पुढं, मागं हात अडकलेला गुंडू, त्याच्यामागं लंगडणारा आकाराम, आणि सगळ्यांत शेवटी सावकाश चालणारा म्हातारा, असे ते कचेरीच्या जिन्यापाशी पोचले. जिना उंच होता. विठाबाईनं वर बघितलं आणि म्हणाली, "कठड्याला धरा समदी. हितं आपटलात तर मला ठावं न्हाय."